शिंपल्यातलं रुपं

नमस्कार. बाहेरच्या फलकावर माझ्या नावाखाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं'. ते संयोजकांनी आपणहून लिहिलंय. फोनवर मी त्यांना 'दृश्यकला आणि भ्रम' एवढंच म्हटलं होतं. फलक रंगवून झालाय, त्याला आता इलाज नाही. पण ही म्हण मला पटत नाही हे आधीच सांगून टाकते. तिचा हिशेब असा, की वस्तू एकीकडे, आपण दुसरीकडे आणि मधे डोळा नावाचा लबाड दलाल बसलाय. डोळ्यावरचा हा आळ फार जुना आहे. मी तीस वर्षं चित्रकलेच्या मुलांना शिकवलं, म्हणजे डोळ्याच्याच जिवावर पोट भरलं. आज त्याचं वकीलपत्र घेऊन आले आहे.

पुण्यात बोलते आहे, तर सुरुवात कॅम्पातून करू. लाल देऊळ सगळ्यांना माहीत आहे. पत्ता सांगताना आपण म्हणतो, 'लाल देवळापासून डावीकडे'. आत कोणता देव आहे असं विचारलं तर मात्र बरेच जण गडबडतात. ते ओहेल डेव्हिड सिनेगॉग आहे, ज्यूंचं प्रार्थनामंदिर, 1867 सालचं, डेव्हिड ससून यांच्या पैशातून उभं राहिलेलं. बांधणी विलायती चर्चसारखी. लाल विटा, उंच मनोरा, मनोऱ्यावर घड्याळ. चर्च पाहायची सवय असलेला माणूस लांबून त्याला चर्च समजतो. पुणेकर देऊळ म्हणतात. आणि नीट पाहिलं तर कुणाच्याही डोळ्यानं काही चूक केलेली नाही. विटा लाल आहेत, इमारत उंच आहे, आत प्रार्थना चालते. जे दिसलं ते सगळं बरोबर दिसलं. पुढचा शब्द तेवढा प्रत्येकानं आपापल्या घरून आणला.

हा घरून आणलेला शब्द आज माझा विषय आहे, आणि त्यासाठी मी प्रामुख्यानं एकाच कलावंताची कामं घेणार आहे. अनिश कपूर. 1954 साली मुंबईत जन्मले. आई बगदादी ज्यू घराण्यातली, आणि तिचे वडील पुण्यातल्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणारे. म्हणजे आजोळ आपल्याच गावचं. वडील पंजाबी, नौदलात जलसर्वेक्षक. समुद्राची खोली मोजायची आणि तिचे नकाशे करायचे, हे त्यांचं शास्त्र. मला हे कळलं तेव्हा हसू आलं, कारण मुलानं पुढे ज्या वस्तू केल्या त्यांची खोली बघून कुणाला सांगता येत नाही.

1992 साली जर्मनीत कासेल या गावी 'डॉक्युमेंटा' हे मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे कपूरांनी एक खोली बांधली. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद, सहा मीटर उंच. दारातून आत गेलं की आत काही नाही, फक्त जमिनीच्या मधोमध एक काळं वर्तुळ. नाव 'डिसेंट इंटू लिंबो', मांतेन्या या इटालियन चित्रकाराच्या एका जुन्या चित्रावरून घेतलेलं. लिंबो म्हणजे ख्रिस्ती कल्पनेतली ना स्वर्ग ना नरक अशी जागा. आपला त्रिशंकू वर लटकला, हे लोक खाली.

लोक रांगा लावून आत जात होते. कपूर एक किस्सा सांगतात. एक गृहस्थ रांगेत उभं राहून वैतागले, आत आले, जमिनीवरचं ते वर्तुळ पाहिलं आणि भडकले. काळा गालिचा बघायला एवढा वेळ उभं केलं? त्यांनी रागानं डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि त्या गालिच्यावर फेकला.

चष्मा गेला. गालिच्यावर पडला नाही, आत गेला.

तो खड्डा होता. आतून गडद रंगाच्या भुकटीनं लेपलेला, इतका, की आतल्या पृष्ठभागावरून डोळ्यापर्यंत जवळजवळ काही परत येत नव्हतं. आता खोली डोळ्याला कळते कशी, ते थोडं पाहू. तुम्ही विहिरीत डोकावता. दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं दिसतात, त्यांच्यातल्या फरकावरून अंतर कळतं. डोकं हलवलं की जवळचा दगड भराभर सरकतो, लांबचा सावकाश. वरचे थर उजळ, खालचे काळसर. कपारीत उगवलेलं रोप वर मोठं दिसतं, खाली बारीक. तळाशी पाण्याची एक लकाकी. या एकूण एक खुणांना एक गोष्ट लागते, ती म्हणजे पृष्ठभागावर कुठेतरी काहीतरी वेगळं असणं. रेघ, डाग, चिरा, उजेड. कपूरांनी नेमकं तेच काढून घेतलं. दोन्ही डोळ्यांना सारखाच काळोख दिसतो, डोकं हलवलं तरी काळोखात काही सरकत नाही. उरते फक्त वर्तुळाची कड, आणि कड तर जमिनीच्याच पातळीवर आहे. मग डोळा काय निकाल देणार? जमिनीवर काहीतरी सपाट काळं पसरलंय. हातातल्या पुराव्यावरून दुसऱ्या कुठल्याही न्यायाधीशानं हाच निकाल दिला असता.

2018 च्या ऑगस्टमध्ये हेच काम पोर्तुगालात पोर्तो शहरातल्या सेराल्व्हेस संग्रहालयात मांडलं होतं. तिथे साठीतला एक इटालियन पाहुणा खड्ड्यात पडला. खड्डा अडीच मीटर खोल. इस्पितळात न्यावं लागलं, सुदैवानं सुखरूप घरी गेला. धोक्याच्या सूचना लावलेल्या होत्या, लक्ष ठेवायला माणूसही होता. ही बातमी जगभर विनोद म्हणून फिरली. फिरताना तिला एक शेपूटही फुटलं, की खड्ड्याला व्हँटाब्लॅक लावलं होतं. व्हँटाब्लॅक हा अलीकडचा अतिकाळा लेप, 99.965 टक्के प्रकाश गिळणारा, 2014 साली जाहीर झालेला. कलेसाठी तो वापरायचा हक्क पुढे कपूरांनी एकट्यापुरता घेतला, म्हणून बाकीचे चित्रकार चिडले. स्टुअर्ट सेंपल या इंग्रज चित्रकारानं एक झगझगीत गुलाबी रंग विकायला काढला आणि अट घातली की हा अनिश कपूर सोडून कुणीही घ्यावा. कपूरांनी तो मिळवला, त्यात मधलं बोट बुडवलं आणि फोटो टाकला. (हशा) मोठी माणसंही भांडतात ती अशी. पण 1992 च्या खड्ड्याला 2014 चा लेप लागणार कसा? लोकांनी 'कपूर' वाचलं, 'काळं' वाचलं आणि पुढचा शब्द घरून आणला.

आता दीड हजार वर्षं मागे जाऊ. घाबरू नका, थोडाच वेळ.

आपल्या दर्शनकारांनी भ्रमावर जितका खल केलाय तितका फार थोड्या विषयांवर केला असेल. त्याला ख्यातिवाद म्हणतात. दोरीवरचा साप तुम्हाला माहीत आहे; कीर्तनातून तो इतक्यांदा निघाला की बिचाऱ्याची कात झिजली. मला त्याच्यापेक्षा दुसरा दाखला आवडतो. समुद्राकाठी वाळूत शिंपला पडलाय, उन्हात चमकतोय, आणि चालणारा म्हणतो, 'हे रुपं आहे'. रुपं म्हणजे चांदी, हा आपला जुना शब्द. इथे नेमकी चूक कुठे झाली?

नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कशास्त्री, म्हणतात, एक वस्तू दुसऱ्याच वस्तूच्या रूपानं दिसली. अन्यथाख्याती. आपल्या सगळ्यांचं सर्वसाधारण मत हेच असतं. पण मीमांसकांमध्ये, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांमध्ये, सुमारे सातव्या शतकात प्रभाकर म्हणून एक होऊन गेला. तो म्हणतो, थांबा, इथे चुकीचं असं ज्ञान झालेलंच नाही. 'हे रुपं आहे' हे तुम्हाला एक वाक्य वाटतं, पण त्यात दोन वेगळी ज्ञानं आहेत. 'हे' दिसलंय. समोर काहीतरी पांढरं, चमकणारं आहे. ते खरंच आहे. 'रुपं' आठवलंय. पूर्वी कधीतरी चांदी पाहिलीत, तिची आठवण आली. तीही खरीच आठवण आहे. घोटाळा एवढाच, की दिसणं कुठे संपलं आणि आठवणं कुठे सुरू झालं ते लक्षात राहिलं नाही. आठवणीवर 'मी आठवण आहे' अशी चिठ्ठी असते, तेवढी चिठ्ठी चोरीला गेली. त्याचा शब्द आहे स्मृतिप्रमोष. प्रमोष म्हणजे चोरी.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून गच्चीत जाऊन बसले. विद्यार्थ्यांना स्थिरचित्र काढायला बसवलं की ते समोरचा माठ काढत नाहीत, डोक्यातला माठ काढतात. 'बघून काढ' म्हणून मी आयुष्यभर ओरडत होते. नक्की काय बिघडतंय ते मला सांगता येत नव्हतं आणि या माणसानं ते एका शब्दात सांगून ठेवलेलं होतं.

कासेलचा तो गृहस्थ घ्या. 'हे' काळं, गोल, सपाट दिसणारं. 'गालिचा' आठवलेला. मधला सांधा त्याला दिसला नाही. पण पुढे त्यानं जे केलं ते पाहून नैयायिक खूष झाले असते. ज्ञान खरं की खोटं हे कशावरून ठरवायचं? न्यायदर्शन सांगतं, त्यावर भरवसा ठेवून काहीतरी करून पाहा, फळ मिळालं तर ज्ञान खरं. वात्स्यायनाच्या न्यायभाष्याची सुरुवातच प्रवृत्तिसामर्थ्याच्या या मुद्द्यानं होते. हा वात्स्यायन वेगळा बरं का, तुम्हाला आठवला तो नव्हे. (हशा) बघा, 'हे' मी दिलं, 'रुपं' तुम्ही आणलंत. तर चांदी वाटली म्हणून वाकून उचलायला जावं, शिंपला हाती यावा, म्हणजे चूक उघडी पडते. त्या गृहस्थानं चष्मा फेकला ती न्यायशास्त्राप्रमाणे चोख परीक्षा होती. पोर्तोच्या पाहुण्यानं तीच परीक्षा पायानं दिली. आणि 1980 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जेम्स टरेल या कलावंताच्या प्रदर्शनात एका बाईंनी पाठीनं दिली. टरेल उजेडाचंच काम करतो. एकसारखा, मऊ, कुठेही कमीजास्त न होणारा उजेड असा काही सोडतो की पोकळीची भिंत होते. बाई त्या भिंतीला टेकायला गेल्या आणि पडल्या. मनगट मोडलं, प्रकरण कोर्टात गेलं. एकीकडे पूर्ण काळोख, दुसरीकडे सपाट उजेड, आणि डोळ्याचा निकाल दोन्हीकडे एकच, की इथे पृष्ठभाग आहे. फरक हाती लागला नाही की डोळा पडदा टाकून मोकळा होतो.

इथे कुणी म्हणेल, एकदा कळलं की संपलं. दिवा आणला की साप जातो. पण प्रत्येक भ्रम असा आज्ञाधारक नसतो, आणि हेही जुन्यांना ठाऊक होतं. स्फटिकामागे जास्वंदीचं फूल ठेवलं तर स्फटिक लाल दिसतो. तो पांढरा आहे हे माहीत असलं तरी, फूल तिथे आहे तोवर, लालच दिसतो. याला सोपाधिक भ्रम म्हणतात. पोर्तोत लोक सूचना वाचून आत जात होते. खड्डा आहे हे शब्दप्रमाणानं, म्हणजे भरवशाच्या सांगण्यावरून, पक्कं ठाऊक, आणि समोर दिसायची सपाट काळी चकती. ज्ञान झालं, भ्रम हलला नाही. एडवर्ड ॲडेल्सन या शास्त्रज्ञाचा 1995 सालचा बुद्धिबळाचा पट तुमच्यापैकी पुष्कळांनी मोबाइलवर पाहिला असेल. पटावर एका नळकांड्याची सावली पडलीय, सावलीबाहेरचं काळं घर आणि सावलीतलं पांढरं घर प्रत्यक्षात एकाच करड्या रंगाची आहेत. कागदात दोन भोकं पाडून पाहिलं की पटतं, कागद काढला की पुन्हा काळं ते काळं आणि पांढरं ते पांढरं. माझ्या मते डोळ्याच्या बाजूनं यापेक्षा मोठा पुरावा नाही. सावलीत ठेवलेला पांढरा सदरा पांढराच ओळखायचा हे त्याचं रोजचं काम. ते काम तो नको तिथेही इमानानं करत राहतो, इतकंच.

आता मुंबईला येऊ.

2010 च्या नोव्हेंबरात कपूरांचं भारतातलं पहिलं मोठं प्रदर्शन एकाच वेळी दोन ठिकाणी भरलं, दिल्लीत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आणि मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत. मुंबईत संग्रहालय न घेता सिनेमाचा स्टुडिओ घेतला हे मला फार आवडलं. जिथे प्लायवूडचा राजवाडा खरा वाटावा म्हणून माणसं रात्र रात्र घाम गाळत आली, त्या जागेत हे प्रदर्शन. मी माझ्या आईला घेऊन गेले होते. आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची, सातवीपर्यंत शिकलेली. प्रदर्शन म्हटल्यावर तिला वाटलं साड्यांचं असेल, म्हणून पर्समध्ये जास्तीचे पैसे घेतले होते.

आत मोठमोठे पोलादी आरसे उभे होते, वाकलेले, लाटेसारखे, आरशाला आरसा म्हणावं की भिंत असा प्रश्न पडेल असे. आई एका अंतर्वक्र आरशासमोर गेली आणि सवयीनं पदर नीट करायला हात वर नेला. आरशातली बाई उलटी. डोकं खाली, पाय वर, आणि पदर सावरायला तिचा हात खाली जातोय. आई दोन पावलं पुढे गेली, तर बाई विरघळली. नुसता साडीचा निळा रंग आरसाभर पसरला. आणखी पुढे गेली, तर सुलटी झाली आणि भलीमोठी. मग आई तिथेच मागे-पुढे करत राहिली, सागरगोटे खेळणाऱ्या मुलीसारखी. पहारेकरी हसायला लागला.

यातली गंमत शाळेच्या विज्ञानात आहे, स्टीलच्या चमच्यातही आहे. लांब उभं राहिलं तर तुमची उलटी प्रतिमा आरशाच्या अलीकडे, तुमच्या आणि आरशाच्या मधे, हवेत तयार होते. तुम्ही नाभी आणि वक्रता केंद्र यांच्या मधे आलात की प्रतिमा तुमच्या पाठीमागे जाते. पाठीमागचं डोळ्याला गोळा करता येत नाही, म्हणून सगळं पुसट होतं. नाभीच्याही आत गेलात की सुलटी आणि मोठी. प्रकाशानं प्रत्येक ठिकाणी आपला नियम पाळलेला असतो. आपण मात्र घरून एक शब्द घेऊन आलेलो असतो, 'आरसा', आणि त्या शब्दाबरोबर एक खात्री, की मी तिथे, काचेवर असणार. प्रतिमा हवेत लोंबतेय आणि डोळा तिला पोलादावर शोधतोय, म्हणून ते पोलाद नक्की कुठे आहे तेच कळेनासं होतं. मी कितीतरी लोकांना तिथे हात पुढे करून चाचपडताना पाहिलं. चाचपडताना माणसाचा चेहरा पाहण्यासारखा होतो. आठवणीवरची चोरीला गेलेली चिठ्ठी सापडते ती या क्षणी.

दुसऱ्या भागात तोफ होती. 'शूटिंग इंटू द कॉर्नर'. हवेच्या दाबावर चालणारी तोफ, शेजारी लाल मेणाचे मोठे गोळे, समोर पांढऱ्या भिंतींचा कोपरा. एक माणूस गंभीर चेहऱ्यानं येतो, गोळा भरतो, थांबतो, आणि धडाम. मेण कोपऱ्यात आपटतं, थबकतं, ओघळतं. दिवसभरात थरावर थर. हे काम त्याआधी 2009 साली व्हिएन्नात आणि लंडनमध्ये झालं होतं. तिकडे त्यावर लिहिणाऱ्यांना रक्त दिसलं, युद्ध दिसलं, पुरुषीपणा दिसला, कॅनव्हासवर रंग फेकणारे अमेरिकन चित्रकार दिसले. मुंबईत 26 नोव्हेंबरच्या हल्ल्याला नुकती दोन वर्षं झाली होती. तोफेचा आवाज झाला तेव्हा माझ्या शेजारची एक मुलगी खाली वाकली आणि मग ओशाळून केस सारखे करू लागली.

आईनं त्या लाल कोपऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "इथे पण थुंकतात?"

तुम्ही हसलात, मीही हसले होते. पण घरी जाताना लोकलमध्ये ते डोक्यातून जाईना. कारण कोपरा! जिन्याचा कोपरा, सरकारी कचेरीचा, चाळीचा, स्टेशनच्या पुलाचा. पान खाणारा माणूस भिंतीच्या मध्यावर पिचकारी मारत नाही, कोपरा गाठतो. का गाठतो? कोपऱ्यात दोन भिंती मिळून आडोसा होतो, तिथलं कुणाचंच नसतं. आईला 'लाल' दिसलं, 'कोपरा' दिसला, 'उडालेलं, ओघळलेलं' दिसलं, आणि या तिन्हींची आयुष्यभराची बेरीज तिच्याकडे तयार होती. व्हिएन्नातल्या कुठल्या समीक्षकाकडे ती असणार? कोपऱ्यात मारलं की काय होतं हा त्या कामाचा गाभाच आहे, आणि बहुतेक लेख लाल रंगापाशीच अडकले. आईनं कोपरा पाहिला होता.

या पिचकाऱ्यांवर आपल्याकडे जो उपाय करतात तोही पाहा. जिन्याच्या कोपऱ्यांत देवांच्या फरशा बसवतात. गणपती, साईबाबा, येशू, मक्केचं चित्र, सगळे एका ओळीत, गुडघ्याच्या उंचीवर. फरशी चार इंचांची, भाजलेल्या मातीची. थुंकायला आलेल्या माणसाला 'हे' दिसतं फरशी, आणि 'देव' तो स्वतः आणतो. तोंडातलं तसंच ठेवून पुढच्या मजल्यावर जातो. ज्या कुणी ही युक्ती पहिल्यांदा काढली त्याला प्रभाकर न वाचता कळला होता.

घरून आणलेल्या शब्दाचा कलावंताला जाचही होतो. 1979 साली कपूर भारतात येऊन गेले आणि परत गेल्यावर त्यांनी रंगाच्या कोरड्या भुकटीनं झाकलेले लहान लहान आकार केले, लाल, पिवळे, निळे, थेट जमिनीवर मांडलेले. त्या मालिकेचं नाव 'सहस्र नामं'. भुकटी आकाराच्या बुडाशी जमिनीवरही थोडी सांडलेली असते. त्यामुळे वस्तू जमिनीवर ठेवली आहे असं वाटत नाही, जमिनीखालून उगवतेय आणि बरीचशी अजून खालीच आहे असं वाटतं. हिमनगासारखं. आपण ते पाहतो आणि म्हणतो, कुंकू, हळद, गुलाल, तुळजापूरच्या बाजारातले ढीग. तिकडचे लोक पाहतात आणि म्हणतात, 'भारतीय'. दोघांचंही समाधान लगेच होतं आणि दोघेही बुडाशी सांडलेल्या त्या भुकटीकडे बघायचं विसरतात. कपूरांना 'भारतीय कलावंत' ही पट्टी कधी मानवली नाही, त्यावरून आपल्याकडे काही जण रागावतातही. मी रागावत नाही. ढिगाला गुलाल म्हटलं की ढीग दिसायचा थांबतो, हे मी वर्गात रोज पाहिलंय.

मग घरून काही आणूच नये का? तसं होत नाही, आणि होऊ नये. जितीश कल्लाट हा मुंबईचा कलावंत, 1974 सालचा. त्याचं 'एपिलॉग' नावाचं काम आहे. त्याचे वडील 2 एप्रिल 1936 ला जन्मले आणि 2 डिसेंबर 1998 ला गेले. या काळातल्या प्रत्येक रात्रीचा एक चंद्र, असे एकूण 22,889 चंद्र त्यानं छायाचित्रांत मांडले. महिन्यामागून महिना, कमी होत जाणारे, वाढत जाणारे. तुम्ही ओळींमागून ओळी बघत जाता. अमावास्या, बीज, पौर्णिमा. चंद्रावरचे डागही दिसतात. मग एखाद्या चंद्राशी जरा जास्त थांबता आणि डाग करपलेले दिसतात. ती पोळी आहे. सगळ्या पोळ्या आहेत, खात खात कोरीएवढ्या उरलेल्या.

आता सांगा, इथे फसवणूक कुणी केली? पोळी दिसल्यावर चंद्र गेला का? माझ्यापुरता तरी गेला नाही. दोन्ही एकदम राहिले, आणि मधली शिवणही दिसत राहिली. माझे वडील गिरणीत होते. संपाच्या वर्षी आमच्याकडे पोळीची कोर करून चौघांत वाटली जायची. त्या भिंतीसमोर मी रडले ती कल्लाटांच्या वडिलांसाठी खासच नव्हे. पण शिवण दिसत होती. हे चंद्र त्यांचे, ही कोर माझी, एवढं कळत होतं. शिंपल्याजवळच्या माणसाला तेवढंच कळत नव्हतं.

वेळ संपत आलीय, चिठ्ठी आलीय. एक राहिलं सांगायचं, मेहबूब स्टुडिओतलंच.

प्रदर्शनात कामाशेजारी पाटी असते. नाव, साल, माध्यम आणि खाली परिच्छेदभर मजकूर. लोक काय करतात ते कधी उभं राहून पाहा. आधी पाटी वाचतात, मग कामाकडे नजर टाकतात, पाटीत म्हटलंय ते तिथे आहे ना याची खातरजमा करतात आणि पुढे सरकतात. हजेरी घेतल्यासारखं. मीही अपवाद नाही. आईनं थुंकण्याचं विचारल्यावर माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी तिला बाजूला घेऊन सगळं नीट समजावून सांगितलं. हा केवढा मोठा कलावंत आहे, तोफ म्हणजे काय, कोपरा म्हणजे काय, युद्ध, हिंसा, चित्र आणि शिल्प यांच्यातली सीमा. पाटीवरचंही मराठीत करून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. तेवढ्यात तोफेचा माणूस पुन्हा आला, गोळा भरला, धडाम झालं, मेण ओघळलं.

आई बघत राहिली. मग म्हणाली, "आता मला लढाईच दिसायला लागली. मघाशी बरं दिसत होतं. उगाच सांगितलंस."